पुराच्या विम्याचा हप्ता भरला, पण पॉलिसी निघालीच नव्हती

फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे आम्ही घर घेतले, तेव्हा घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याने झालेले नुकसान धरले जाते, पण पुराचे पाणी, मग ते वादळाने समुद्रातून लोटलेले का असेना, धरले जात नाही, हे आम्हाला ठाऊक होते. घर जास्त धोक्याच्या पूरक्षेत्रात नसल्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकेने पुराच्या विम्याची सक्ती केली नव्हती. तरीही २०२२ च्या मे महिन्यात आम्ही तो स्वतंत्रपणे घ्यायचे ठरवले.

ओळखीतून एक एजंट घरी आला. तो आमच्याशी हिंदीत बोलला, आईची विचारपूस केली आणि आम्ही निर्धास्त झालो. पुराची पॉलिसी पैसे भरल्यानंतर सर्वसाधारणपणे ३० दिवसांनी लागू होते आणि वादळांचा मोसम तर १ जूनलाच सुरू होतो, असे सांगून त्याने घाई केली. ही माहिती खरी होती, म्हणूनच त्याच्या पुढच्या बोलण्यावरही आमचा विश्वास बसला: कंपनीच्या नावाने चेक पाठवण्यात दिवस जातील, तेव्हा तो माझ्या नावाने द्या, मी आजच भरणा करतो. आठवड्याने त्याने पाठवलेल्या कागदावर कंपनीचे बोधचिन्ह, आमचा पत्ता आणि रक्कम होती, आणि आम्ही तो फाइलला लावून टाकला.

२८ सप्टेंबरला इयन वादळ धडकले. परत आलो तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीवर अडीच फुटांवर चिखलाची सरळ रेघ उमटली होती, स्वयंपाकघरातील कपाटे फुगून उघडत नव्हती आणि आईची समई गाळात आडवी पडली होती. क्लेमसाठी कंपनीला फोन केला, तेव्हा या पत्त्यावर आमची कोणतीही पॉलिसी नाही, असे उत्तर मिळाले. मी तो कागद पुन्हा काढला. पॉलिसी क्रमांकाची जागा रिकामी होती आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, की हा केवळ अंदाजपत्रकाचा नमुना असून त्याने विमा लागू होत नाही. चार महिने तो कागद घरात होता आणि ती ओळ आम्हा दोघांपैकी एकानेही वाचली नव्हती.

घराच्या विम्यातून फक्त छपराचे पैसे मिळाले, तेही वादळासाठीचे वेगळे डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला घरमालकाने स्वतः सोसायचा भाग, वजा होऊन. ते घराच्या विमा रकमेच्या २ टक्के होते. ३,५०,००० डॉलरवर ७,००० डॉलर आम्हीच सोसले. फरशी, भिंती, कपाटे यांचा सगळा खर्च पदरचा झाला. एजंटचा फोन बंद होता. राज्याच्या वित्तीय सेवा विभागाकडे तक्रार केली, तेव्हा त्याच्याकडे परवानाच नसल्याचे कळले. विभागाच्या संकेतस्थळावर नाव टाकून ते आधीच पाहता आले असते.

फ्लोरिडात घर असलेल्या मराठी कुटुंबांना माझी कळकळीची विनंती आहे, की हप्ता विमा कंपनीच्याच नावाने भरा, पॉलिसी क्रमांक असलेले डिक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीचा तपशील देणारे मुख्य पान, हातात घ्या आणि तो क्रमांक स्वतः कंपनीला फोन करून पडताळा. हे सारे एप्रिलमध्येच करा, कारण वादळ जवळ येऊ लागले की कंपन्या त्या भागात नवी पॉलिसी देणे थांबवतात. आमचा चेक वटला होता. ते पैसे अजून परत मिळालेले नाहीत.