लघवीचं इन्फेक्शन वारंवार होतंय: कोणता उपाय कोणासाठी?

उन्हाळी लागल्यासारखी आग, दर वीस मिनिटांनी धावपळ आणि बसल्यावर चारच थेंब. अँटिबायोटिक घेतलं की दोन दिवसांत उतार पडतो, पण दीड महिन्यात पुन्हा तेच. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असं झालं, की त्याला ‘वारंवार होणारं’ इन्फेक्शन म्हणतात. मग हे बरं कसं करायचं यापेक्षा पुढचं टाळायचं कसं, हा प्रश्न मोठा होतो. पाणी वाढवण्यापासून सहा महिने रोज गोळी घेण्यापर्यंत बरेच उपाय सांगितले जातात, आणि ते ऐकताना सगळे सारखेच वाटतात. तसं नाही. एकीला ज्याने वर्षभर आराम पडतो, त्याचा दुसरीला काडीचा उपयोग होत नाही. कारण दोघींचं इन्फेक्शन उलटण्याची वेळ आणि वाट वेगळी असते.

निवडण्याआधी: कल्चर आणि तारखा

दरवेळी आग झाली म्हणजे दरवेळी इन्फेक्शनच होतं, असं नाही. योनीमार्गातली बुरशी, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, मूत्राशयाची दुखरी सूज यांतही लघवीला आग होते, आणि तिथे अँटिबायोटिक फुकट जातं. खाज आणि पांढरं दह्यासारखं जाणं असेल तर संशय आधी बुरशीवर घ्यावा. म्हणून निदान एक-दोन वेळा तरी लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाला दाद देतात हे बघणारी तपासणी) झालेलं हवं, आणि तेही गोळीचा पहिला डोस पोटात जायच्या आधी.

नमुना देताना घोळ होतो तो इथे: योनीमुखाच्या कडा दोन बोटांनी बाजूला धरायच्या, सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली धार थेट निर्जंतुक डबीत घ्यायची. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. नमुना दोन तासांत लॅबला पोचायला हवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून 24 तासांच्या आत द्यावा. बाहेर राहिलेल्या डबीत जंतू वाढत जातात आणि नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टात दिसतं. रिपोर्टावर ‘मिश्र वाढ’ आली तर ती बहुधा त्वचेवरच्या जंतूंची भेसळ असते. त्यावर औषध सुरू करू नये, नमुना पुन्हा द्यावा. उलट त्रास ठसठशीत असेल आणि जंतूंची संख्या दर मिलिलिटरला एक लाखाऐवजी हजारातच असेल, तरी ते इन्फेक्शन असू शकतं. नुसता आकडा बघून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवणं चूक.

दुसरं, तारखा. मोबाइलमध्ये चार रकाने पुरतात: त्रास सुरू झाल्याची तारीख, आधीच्या दोन दिवसांत शरीरसंबंध आला होता का, कोणतं औषध किती दिवस घेतलं, कल्चरमध्ये कोणता जंतू. शेवटचा रकाना फार बोलका असतो. औषध संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला, तर तो आतच दडून राहिलेला असू शकतो. खडा, मूत्राशय पूर्ण रिकामं न होणं किंवा औषध त्या जंतूला लागूच न पडणं, ही कारणं मग आधी तपासायची. प्रोटियस नावाचा जंतू पुन्हा पुन्हा सापडला तर खड्यासाठी सोनोग्राफी हवीच. ती करतानाच लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते, तेही मोजून घ्यावं. खडा तसाच ठेवून खालचे उपाय करण्यात अर्थ नाही. मधे काही आठवडे बरे जाऊन नव्याने इन्फेक्शन होत असेल, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पाणी: कमी पिणाऱ्यांसाठी खरं औषध

‘पाणी जास्त प्या’ हा सल्ला इतका गुळगुळीत झालाय की तो कोणी मनावर घेत नाही. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या, पाळी सुरू असलेल्या 140 स्त्रिया होत्या. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जादा दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना 3.2 वेळा. म्हणजे जवळपास निम्म्यावर.

यातली मेख अशी की हा फायदा कमी पिणाऱ्यांना झाला. तुम्ही आधीच अडीच लिटर पीत असाल तर साडेतीन लिटर पिऊन तेवढा फरक पडेल, असं यावरून म्हणता येत नाही. दोन दिवस मोजून बघा. अंदाजाने प्रत्येकीला आपण भरपूर पितो असंच वाटतं. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या रोजच्यापेक्षा जादा, दिवसभरात विभागून, हे प्रमाण. कामाच्या ठिकाणी लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी तोडणाऱ्यांचं इन्फेक्शन याच एका बदलाने आवरू शकतं. हृदय किंवा किडनीच्या आजारात पाण्यावर बंधन असेल तर हा प्रयोग आपल्या मनाने नको.

संबंधानंतर लघवीला जाणं, पुढून मागे पुसणं या सवयींचा पुरावा कमकुवत आहे, पण तोटाही नाही. त्या जरूर पाळाव्यात. मात्र त्या पाळूनही इन्फेक्शन झालं तर तो स्वच्छतेत कमी पडल्याचा पुरावा नव्हे. लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटरची असते आणि या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू, ई. कोलाय, आपल्याच आतड्यातून येतो. त्यात घासूनपुसून धुण्याचा काही भाग नाही. उलट साबणाने किंवा ‘इंटिमेट वॉश’ने आतून धुतलं तर तिथले राखणदार लॅक्टोबॅसिलस जंतूच निघून जातात. एक सवय मात्र खरोखर बदलण्यासारखी आहे: शुक्राणुनाशक जेली किंवा तसं लेपन असलेले कंडोम वापरत असाल तर ते बंद करून साधे घ्या. त्या रसायनानेही हेच राखणदार मरतात.

क्रॅनबेरी की डी-मॅनोज?

क्रॅनबेरी हे एक आंबट लाल फळ, डी-मॅनोज ही एक साखर. दोन्हींमागचा तर्क एकच: जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू नये. कागदावर डी-मॅनोजचा तर्क जास्त देखणा आहे, कारण ई. कोलायच्या अंगावरचे हुकांसारखे तंतू मॅनोज या साखरेलाच पकडतात. प्रत्यक्षात उलटं निघालं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत 598 स्त्रियांना सहा महिने रोज 2 ग्रॅम डी-मॅनोज किंवा तशीच दिसणारी साखर दिली. पुन्हा इन्फेक्शनच्या त्रासासाठी दवाखाना गाठणाऱ्यांचं प्रमाण 51 टक्के आणि 55.7 टक्के होतं. हा फरक योगायोगात बसतो. आजच्या घडीला डी-मॅनोजवर खर्च करा, असं सांगता येत नाही.

क्रॅनबेरीच्या बाजूने पुरावा आहे, पण माफक. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात 50 अभ्यास एकत्र केले होते. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका साधारण चतुर्थांशाने कमी झाला. गरोदर स्त्रिया आणि वृद्धाश्रमातल्या व्यक्तींमध्ये फायदा दिसला नाही. घ्यायचीच असेल तर लेबलवर ‘अर्क 500 मिलिग्रॅम’ एवढ्यावर भुलू नका. त्यात प्रोअँथोसायनिडिन (क्रॅनबेरीतला, जंतूंना चिकटू न देणारा घटक) किती, ते बघा. अभ्यासांत दिवसाला 36 मिलिग्रॅम हे प्रमाण नेहमी वापरलेलं आहे. गोड ज्यूसमध्ये साखरच जास्त पोटात जाते. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पाळी गेलेली असेल तर: आधी क्रीम

इथे आमचं मत स्पष्ट आहे. पाळी जाऊन गेल्यावर इन्फेक्शन वाढलं असेल तर क्रॅनबेरी, पावडरी, रोजची अँटिबायोटिक या सगळ्यांच्या आधी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन. इस्ट्रोजेन घटलं की अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस जातात, आम्लता कमी होते आणि आतड्यातले जंतू तिथे ठाण मांडतात. क्रीम ही घडी पुन्हा बसवतं. 1993 च्या एका चाचणीत 93 स्त्रिया होत्या: एस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा, नुसतं मलम लावणाऱ्यांना 5.9 वेळा इन्फेक्शन. एवढी तफावत या विषयात क्वचितच बघायला मिळते.

त्या चाचणीतलं प्रमाण असं: 0.5 मिलिग्रॅम एस्ट्रिऑल, दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. पण क्रीमची ताकद वेगवेगळी असते, म्हणून नळीवरच्या ग्रॅममध्ये नव्हे तर डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेत मोजायचं. लावताना वाटाण्याएवढं क्रीम बोटावर घेऊन लघवीच्या छिद्राभोवती आणि योनीमुखाच्या आतल्या कडेलाही फिरवावं. अस्तर फार कोरडं असेल तर पहिले काही दिवस चुरचुरतं. तेव्हाच बायका सोडून देतात. दुसरी चूक म्हणजे महिन्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणं. पूर्ण परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, आणि थांबवलं की अस्तर हळूहळू पुन्हा पातळ होतं.

हार्मोन म्हटलं की कॅन्सरची भीती वाटते, पण या मात्रेत रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, विशेषतः त्यासाठी इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. पाळी गेल्यावरच्या तक्रारींसाठी इस्ट्रोजेनची तोंडावाटे गोळी चालू आहे म्हणून क्रीम नको, हा समज चुकीचा आहे. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने इन्फेक्शन टळत नाही.

संबंधानंतरच होत असेल तर: एकच गोळी

तारखांच्या रकान्यात संबंधानंतर 24 ते 48 तासांत त्रास, असा ठसा स्पष्ट उमटला असेल तर रोज गोळी कशाला? संबंधानंतर दोन तासांच्या आत अँटिबायोटिकचा एकच छोटा डोस घेतला तरी भागतं. 1990 च्या एका छोट्या चाचणीत को-ट्रायमॉक्साझोलचा असा डोस घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी 0.3 वेळा इन्फेक्शन झालं, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांना 3.6 वेळा. तेव्हापासून या औषधाला दाद न देणारे जंतू बरेच वाढलेत, म्हणून औषध तुमच्या कल्चरप्रमाणेच निवडायचं. आठवड्यातून एक-दोनदा संबंध येत असेल तर रोजच्या गोळीपेक्षा औषध कितीतरी कमी पोटात जातं. संबंध जवळपास रोजचाच असेल तर हा फायदा उरत नाही.

कसलाच ठसा नाही: रोजचं अँटिबायोटिक की मेथेनामाइन?

खरी ओढाताण इथे होते. मेथेनामाइन हे अँटिबायोटिक नव्हे. आम्लधर्मी लघवीत त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि ते जंतू मारतं. त्याला जंतू सरावल्याचं आढळलेलं नाही. ब्रिटनमधल्या 240 स्त्रियांच्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही समोरासमोर होते.

| | रोजचं कमी मात्रेचं अँटिबायोटिक | मेथेनामाइन हिप्युरेट |
|---|---|---|
| नेहमीची मात्रा | उदा. नायट्रोफ्युरँटॉइन 50 ते 100 मिग्रॅ, रात्री | 1 ग्रॅम, दिवसातून दोनदा |
| त्या चाचणीत वर्षाला इन्फेक्शन | 0.89 | 1.38 |
| उपचारादरम्यान अंगावरच्या ई. कोलायपैकी निदान एका अँटिबायोटिकला न जुमानणारे | 72 टक्के | 56 टक्के |
| कोणाला नको | किडनी बरीच कमजोर, जी6पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता | किडनी बरीच कमजोर, यकृताचा गंभीर आजार |
| कशाबरोबर नको | मॅग्नेशियमची अ‍ॅसिडिटीची औषधं | सल्फा औषधं, लघवी अल्कली करणारी सिरप |

वर्षाला अर्ध्या इन्फेक्शनचा फरक आहे. तो सोसून अँटिबायोटिक वाचवावं, असं आम्हाला वाटतं, विशेषतः कल्चरमध्ये चालणाऱ्या औषधांची यादी आधीच आखूड झाली असेल तर. किडनीपर्यंत इन्फेक्शन जाऊन दवाखान्यात भरती व्हावं लागलेल्या बाईसाठी मात्र तो अर्धाही महाग असू शकतो.

मेथेनामाइन फसतं ते बहुधा एका गोष्टीने. आग शमवायला घेतलं जाणारं अल्कली सिरप लघवीतली आम्लता घालवतं, मग फॉर्मल्डिहाइड पुरेसं तयारच होत नाही. गोळी पोटात जाते, उपयोग शून्य. दोन्ही एकाच वेळी चालू नाहीत ना, हे बघायचं. आणि हे इन्फेक्शन होऊ नये म्हणून घ्यायचं औषध आहे. चालू झालेलं इन्फेक्शन त्याने बरं होत नाही.

नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर किंवा खाण्यावर घ्यावं. रिकाम्या पोटी मळमळतं. लघवी तपकिरी होते, त्याने घाबरू नये. पण महिनोन्‌महिने चालू असताना कोरडा खोकला, दम लागणं, पायांत मुंग्या, डोळे पिवळे यांतलं काहीही दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. फुप्फुसावरचा परिणाम क्वचित होतो, पण खोकला ‘हवेचा’ म्हणून अंगावर काढला तर तो महागात पडतो. रोजचं अँटिबायोटिक सहसा सहा महिने ते वर्ष देतात. बंद केल्यावर अनेकींना इन्फेक्शन पुन्हा पूर्वीच्याच वेगाने होऊ लागतं, हे सुरू करतानाच माहीत असलेलं बरं.

काही देशांत जिभेखाली फवारायची किंवा गोळीच्या रूपातली मृत जंतूंची लसही मिळते. निकाल आशादायक आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ती अजून उपलब्धच नाही.

रोज काहीच नको असेल तर

वर्षाला दोन-तीनदाच होत असेल तर घरात लिहून दिलेला कोर्स तयार ठेवून त्रास सुरू होताच घेणं, हाही रीतसर मार्ग आहे. अनुभवी बाई स्वतःचं इन्फेक्शन बरोबर ओळखते: 2001 च्या एका अभ्यासात स्त्रियांनी ओळखलेल्यांपैकी 84 टक्के वेळा कल्चरने दुजोरा दिला. क्रम चुकवायचा नाही: आधी निर्जंतुक डबीत नमुना, मग पहिली गोळी. उदाहरणार्थ नायट्रोफ्युरँटॉइन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिन 3 ग्रॅम एकदाच. 48 तासांत उतार नसेल तर दुसरं औषध मनाने सुरू न करता त्या नमुन्याचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

गरोदर असाल, हुडहुडी भरून ताप असेल, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखत असेल, उलट्या होत असतील, तर हा मार्ग नाही. त्याच दिवशी दाखवायचं. इन्फेक्शन नसताना लघवीतून रक्त गेलं, तर वेगळी तपासणी हवी.

आणि बरं वाटल्यावर ‘गेलं का बघू’ म्हणून पुन्हा कल्चर करू नये. त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं, विशेषतः उतारवयात, नेहमीचं आहे. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया सोडली तर त्याला औषध देत नाहीत.