माका चूर्ण, सॉ पाल्मेटो आणि बायोटिन: केसगळतीवर आठ महिने वापरून

केसांच्या गोळ्यांचं परीक्षण वाचताना पहिला प्रश्न हवा, गळती कोणती? तो न विचारता लिहिलेलं 'फरक पडला' किंवा 'पैसे पाण्यात' दोन्ही निरुपयोगी. इथे वापर तीन डोक्यांवर झाला आणि तिन्ही गळत्या वेगळ्या होत्या: कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत चाललेलं पुरुषी टक्कल, डेंग्यूनंतरची गळती, आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) कमी असलेल्या बाईची गळती. वापरलेल्या गोष्टीही तीन. नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातलं सुटं माका (भृंगराज) आणि आवळा चूर्ण, सॉ पाल्मेटो (एका बुटक्या अमेरिकी ताडाचं फळ) व भोपळ्याच्या बियांचं तेल असलेली कॅप्सूल, आणि शेवटचे तीन महिने बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व.

डेंग्यूच्या गळतीपासून सुरुवात करू, कारण हर्बल औषधांना सगळ्यात जास्त शाबासकी तिथेच मिळते. नाशिकला डेंग्यू-चिकुनगुन्याचा जोर पावसाळ्यात आणि तो सरता सरता. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि केस मात्र दिवाळीच्या पुढे-मागे गळायला लागतात. न्हाणीघराच्या जाळीवर रोज गुंता. केस दोन ते सहा वर्षं वाढीच्या अवस्थेत असतो. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपासमारीचं डाएट झालं की बरेचसे केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात. तिथे साधारण तीन महिने बसून मग सुटतात. म्हणजे डिसेंबरात हातात येणारा केस सप्टेंबरातच 'गेलेला' असतो. त्याच्या जागी नवा केस खालून यायला लागलेला असतो, औषध घ्या की नका घेऊ. डिसेंबरात घाबरायचं, जानेवारीत बाटली आणायची आणि एप्रिलपर्यंत गळती थांबली की बाटलीला हार घालायचा, असा हा क्रम. आमच्याकडेही तेच झालं. माका घेणाऱ्या डोक्याची गळती चौथ्या महिन्यात उतरली, आणि त्याचं श्रेय माक्याला देता येत नाही.

गळती कोणती हे घरच्या घरी बरंचसं कळतं. गळलेले वीसेक केस पांढऱ्या कागदावर पसरा आणि खिडकीच्या उजेडात बघा. एका टोकाला खसखशीहून बारीक पांढरट गाठ दिसली तर केस आपली मुदत संपवून मुळातून सुटलाय. गाठ नसेल तर तो मधून तुटलाय. बोअरचं जड पाणी, स्ट्रेटनिंग, ओले केस ओढून विंचरणं ही तुटण्याची कारणं, आणि त्यावर पोटातून घेतलेल्या कशाचाही उपयोग नाही. बोअरच्या पाण्याने केस राठ होतात आणि तुटतात, मुळं मरत नाहीत. सिडको-सातपूरकडे पाण्याला दोष देणारे खूप, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि गळलेल्या केसांत लांब केसांबरोबर तीन-चार सेंटिमीटरचे, इतरांपेक्षा स्पष्ट बारीक केस बरेच असतील तर ते आनुवंशिक टकलाचं लक्षण. तिथे केस नुसता गळत नाही, दर फेरीला बारीक होत जातो.

मोजमापाशिवाय सुरू करू नका. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं स्वाभाविकच आहे, पण ते मोजत बसणं कुणाला जमत नाही. त्यापेक्षा साठ सेकंदांची पद्धत सोपी. आदल्या तीन दिवसांसारखाच शाम्पू वापरायचा, डोकं पुढे झुकवून फिक्या रंगाच्या उशीवर मागून पुढे मिनिटभर कंगवा फिरवायचा आणि उशीवरचे व कंगव्यातले केस मोजायचे. टक्कल नसलेल्या पुरुषांत याची सरासरी दहाच्या आसपास येते. दर महिन्याला तीन दिवस ओळीने मोजून सरासरी काढा. फोटो दर तीन महिन्यांनी एकाच खिडकीशी, कोरड्या केसांचा, भांग एकाच जागी पाडून. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे आठवड्याच्या फोटोत दिसणारा फरक उजेडाचाच असतो.

आता माका. सुटं चूर्ण घेताना रंग पाहा. करडट हिरवं असावं. पूर्ण तपकिरी, धुळीसारखं असेल तर जुनं किंवा काडीच जास्त. चहाचा एक सपाट चमचा घरच्या काट्यावर अडीच ग्रॅमच्या आसपास भरला, शिगोशीग भरला तर जवळजवळ दुप्पट, म्हणून 'एक चमचा' या मापावर जाऊ नका. आवळा चूर्ण दिवसाला तीन ते सहा ग्रॅम आणि माका त्याच्या निम्मा, कोमट पाण्याबरोबर. पहिल्या आठवड्यात रिकाम्या पोटी घेतल्यावर पोट सैल झालं, जेवणानंतर घेतल्यावर थांबलं. चव कडवट-मातकट. दुधात तर पिववत नाही.

ताजा माका मिळाला तर चूर्णापेक्षा तोच बरा, पण ओळखून. माक्याचं फूल पांढरं आणि बटणासारखं. बागेत, दुभाजकांवर पसरलेल्या पिवळ्या फुलांच्या वेलीला लोक माका म्हणतात, ती वेगळी वनस्पती. खात्री करायची तर दोन पानं तळहातावर चुरगळा. रस आधी हिरवा दिसतो आणि काही मिनिटांत निळसर काळा पडतो, हात साबणाने धुतला तरी डाग लगेच जात नाही. केस काळे करण्याची माक्याची ख्याती बहुधा या डागातूनच आली असावी. पाटाच्या कडेला, बांधावर तो भरपूर उगवतो. नासर्डी नदीच्या काठचा किंवा नाल्याशेजारचा मात्र उपटू नका. सांडपाण्यातलं जे काही असेल ते पाल्यातून पोटात जातं.

आणि माक्याने केस येतात का? उंदरांच्या कातडीवर माक्याचा अर्क लावल्यावर केस लवकर उगवल्याचे प्रयोग आहेत. पोटातून चूर्ण घेऊन माणसाचं टक्कल भरल्याचा नीट पुरावा नाही. कोपऱ्यांच्या टकलावर आठ महिन्यांत फोटोत शून्य फरक. आवळ्याची गोष्ट जरा वेगळी, ती पुढे येते.

कॅप्सूलच्या बाबतीत निदान बोलायला काहीतरी आहे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं डीएचटी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकात रूपांतर होतं आणि डीएचटी आनुवंशिक टकलात केसांची मुळं आखडवतं. सॉ पाल्मेटोचा अर्क हे रूपांतर थोडंफार अडवतो असं मानतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इटालियन अभ्यासात शंभर पुरुषांना दोन वर्षं एकतर ३२० मिलिग्रॅम सॉ पाल्मेटो किंवा १ मिलिग्रॅम फिनास्टराइड हे टकलावरचं डॉक्टरी औषध दिलं. सुधारणा सॉ पाल्मेटोवर ३८ टक्क्यांत, फिनास्टराइडवर ६८ टक्क्यांत. पण खोटी गोळी घेणारा गटच नव्हता, म्हणजे ३८ पैकी किती आपोआप आणि किती औषधाने हे सांगता येत नाही. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा २०१४ चा कोरियन अभ्यास जास्त नीट केलेला. ७६ पुरुष, रोज ४०० मिलिग्रॅम, २४ आठवडे. केसांची संख्या ४० टक्क्यांनी वाढली, खोट्या गोळीवर १० टक्क्यांनी. पण त्या कॅप्सूलमध्ये तेलाखेरीज इतरही वनस्पती होत्या, त्यामुळे सगळं श्रेय भोपळ्याला जात नाही.

खरेदीत फसवणूक इथेच होते. लेबलवर 'सॉ पाल्मेटो ३२०' एवढंच बघून घेऊ नका. अभ्यासात वापरतात तो तेलकट अर्क, ज्यात मेदाम्लं ८५ ते ९५ टक्के असतात. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये फळाची नुसती भुकटी असते, तेवढ्याच वजनात कितीतरी कमकुवत. आमची पहिली बाटली तशीच निघाली. कॅप्सूल उघडली तर आत कोरडी तपकिरी पूड. खरा अर्क मऊ जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये तेल म्हणून येतो आणि फोडल्यावर उग्र, खवट-साबणी वास येतो. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून अठरा वनस्पतींचं मिळून ५०० मिलिग्रॅम दिलं असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम चिमूट येते. ती बाटली परत ठेवा. कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्या, नाहीतर मळमळतं. गरोदर बाईने किंवा गरोदरपणाची शक्यता असलेल्या बाईने घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खरी कॅप्सूल पाच महिने चालली. कोपरे भरले नाहीत. माथ्यावरचा भाग फोटोत आणखी विरळ झालेला दिसत नाही, एवढंच म्हणता येतं, आणि पाच महिन्यांत तो तसाही फारसा बदलला नसता. महिन्याचा खर्च हजाराच्या घरात.

बायोटिनबद्दल थोडक्यात: गरज नाही. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतात आणि ते रोजच्या जेवणातून येतात. दुकानातली गोळी १०,००० मायक्रोग्रॅमची, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. कमतरता क्वचित दिसते. रोज कच्च्या अंड्याचा पांढरा बलक पिणाऱ्या जिमवाल्यांना मात्र होऊ शकते, कारण त्यातलं अॅव्हिडिन बायोटिनला धरून ठेवतं. खरा धोका रक्ततपासणीत. २०१७ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने इशारा दिला की जास्त बायोटिनमुळे काही तपासण्या चुकतात. थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येऊन थायरॉइड वाढल्यासारखा दिसतो, हृदयविकारात पाहतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी येतं. केसगळतीच्या तपासणीत थायरॉइड असतोच. रक्त द्यायच्या आधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा. कॉलेज रोड असो की पंचवटी, नमुना घेणारा स्वतःहून विचारत नाही.

आता फेरिटिनची गोष्ट, कारण तिन्ही डोक्यांत खरा फरक एकाच ठिकाणी पडला. फेरिटिन तीसच्या खाली असेल तर लोहाचा साठा कमी असं बहुतेक डॉक्टर धरतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी एक दिवसाआड, जेवणानंतरचा चहा दीड-दोन तास पुढे ढकलला आणि आवळा चूर्ण दुपारच्या जेवणाबरोबर. आवळ्यातलं क जीवनसत्त्व डाळ-भाजीतलं लोह शोषायला मदत करतं, चहातलं टॅनिन अडवतं. तिसऱ्या महिन्यात कंगव्याचा आकडा उतरायला लागला. आवळ्याला इथे खरंच जागा आहे, पण लोहाचा साथीदार म्हणून.

'हर्बल आहे, अपाय नाही' हे ऐकून घेऊ नका. केसांच्या कॅप्सूलमध्ये हल्ली 'ताणासाठी' अश्वगंधा घालतात. तिने क्वचित यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत आणि थायरॉइडची संप्रेरकंही तिने वाढू शकतात. लघवी गडद पिवळी, भूक मेलेली, अंगाला खाज, असं दिसलं तर गोळी त्या दिवशीच बंद आणि यकृताची तपासणी. जास्त सेलेनियम आणि जास्त अ जीवनसत्त्वाने तर उलट केस गळतात, त्यामुळे मल्टिव्हिटॅमिन आणि 'हेअर' गोळी एकत्र घेत असाल तर दोन्ही लेबलांची बेरीज करा. आणि टक्कल हमखास जातं म्हणणाऱ्या जाहिरातीबद्दल एवढंच, की १९४५ च्या औषध नियमांतल्या 'जे' अनुसूचीत, म्हणजे औषध बरं करतं असा दावा करायला मनाई असलेल्या आजारांच्या यादीत, टक्कल आहे.

कांद्याबद्दल सगळे विचारतात, लासलगाव शेजारी आहे म्हटल्यावर विचारणारच. डोक्याला कांद्याचा रस लावण्याचा २००२ चा अभ्यास आहे, पण तो चाईवर, म्हणजे गोल चट्टा पडून केस जातात त्यावर. चाई पुष्कळदा आपणहून भरून येते. पुरुषी टकलाशी त्याचा संबंध नाही, आणि मिनिटभरात धुऊन टाकायच्या कांदा शाम्पूशी तर नाहीच.

कोपऱ्यांच्या टकलावर आठव्या महिन्यानंतर त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ५ टक्के मिनोक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध सुरू झालं. त्याची एक खोड आधीच माहीत असू द्या. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढलेली दिसते, कारण विश्रांतीतले जुने केस नव्यांसाठी लवकर जागा सोडतात. पुष्कळ जण नेमके तेव्हा घाबरून बाटली बाजूला ठेवतात आणि माका चूर्ण आणतात. ती वाढलेली गळती तशीही ओसरणारच असते, ती ओसरली की पुन्हा माक्याला हार, आणि तीन-चार महिन्यांनी मिनोक्सिडिलने धरून ठेवलेले केस गेले की दोष पाण्याला.