नाक्सोस बेटावरचा सहा रात्रींचा मुक्काम

ग्रीसला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांच्या कार्यक्रमात बेट म्हणजे सँटोरिनी किंवा मिकोनोस, असे जणू ठरूनच गेलेले असते. आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सिक्लाडिस द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटावर, नाक्सोसला, सहा रात्री राहिलो; आणि वयस्कर आईवडिलांना बरोबर नेणाऱ्या शाकाहारी कुटुंबाने आधी याच बेटाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत झाले.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठ्या जहाजाने येथे पोहोचायला साधारण साडेपाच तास लागतात. बंदरात शिरताना डाव्या हाताला, एका चिमुकल्या बेटावर, इसवी सन पूर्व सहाव्या शतकात अर्धवट राहिलेल्या अपोलोच्या मंदिराची संगमरवरी चौकट उभी दिसते. तिला ‘पोर्तारा’ म्हणतात. सूर्यास्ताला तेथे गर्दी होते, म्हणून आम्ही सकाळी सातला गेलो आणि त्या दारापाशी अर्धा तास निवांत बसता आले.

जेवणाची चिंता पहिल्याच रात्री मिटली. येथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातले अनेक दिवस उपवास पाळतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असल्यामुळे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचा ‘लादेरा’ हा मोठा प्रकार घरोघरी आहे. टोमॅटोच्या रश्श्यात भाजलेले टपोरे पांढरे पावटे, म्हणजे ‘गिगांतेस’, वडिलांनी तीन वेळा मागवून खाल्ले. मात्र उपवासाच्या पदार्थांत कोळंबी आणि माकूळ चालतात, तर ‘गेमिस्ता’ या भरल्या टोमॅटोत भाताबरोबर कधी खिमाही असतो. त्यामुळे ‘उपवासाचे’ एवढ्यावर विश्वास न ठेवता प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. नाक्सोसचे बटाटे ग्रीसभर नावाजलेले आहेत, आणि साध्या तळलेल्या फोडींवर येथलेच ग्राव्हिएरा चीज किसून घातले, की त्या नावाचे कारण कळते.

बेटाच्या मध्यभागी असलेल्या हाल्की गावात १८९६ पासून चालत आलेली वालिंद्रास ही भट्टी आहे. तेथे ‘कित्रो’ नावाच्या झाडाच्या पानांपासून मद्य गाळतात. दाखवणाऱ्या बाईंनी एक पान चुरडून आईच्या हातावर ठेवले, आईने वास घेतला, शेजारी मांडलेले जाड सालीचे, खडबडीत पिवळे फळ उचलून पाहिले आणि म्हणाली, “अरे, हे तर महाळुंग!” तिचे बरोबर होते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, तेच हे. आईने मद्याला स्पर्श केला नाही, पण त्याच फळाच्या सालीचा पाकातला गोड पदार्थ तिने आवडीने खाल्ला आणि एक बरणी घरी आणली.

किनाऱ्यांविषयी एवढेच, की आयिओस प्रोकोपिओस उत्तम आहे आणि तेथे बसने सहज जाता येते.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. उन्हाळ्यात, आणि कधी सप्टेंबरातही, एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ हा जोराचा वारा सुटतो आणि जलद बोटी रद्द होतात. परतीच्या दिवशी आमचेही तसेच झाले. वारा कोणाच्या हातात नसतो; परंतु पैसे परत मिळणार की मोठ्या जहाजात जागा मिळणार, हे सांगणे बोट कंपनीच्या हातात होते. तिच्या खिडकीवर कोणीही नीट उत्तर दिले नाही आणि सत्तरीच्या आईला दोन तास उन्हात धक्क्यावर थांबावे लागले, याचा मला अजूनही राग आहे. आपण शक्यतो मोठ्या जहाजाचेच तिकीट काढावे आणि मायदेशी परतण्याच्या विमानाआधी अथेन्समध्ये एक रात्र मोकळी ठेवावी.

एक पूर्ण दिवस उत्तर टोकाच्या अपोलोनास गावासाठी राखावा. तेथे जुन्या खाणीत दहा मीटरांहून लांब असा दाढीधारी संगमरवरी पुतळा, कोरणे अर्ध्यावर सुटल्यापासून, सुमारे अडीच हजार वर्षे उताणा पडून आहे आणि त्याच्या अंगावर छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात. रस्ता वळणावळणाचा, आपल्या घाटासारखा आहे आणि बस मोजक्याच असतात. परतीच्या बसची वेळ निघण्यापूर्वीच बंदराजवळच्या स्थानकावर विचारून घ्यावी.