एम१ गरँडला कुठलं ग्रीस? आठ महिन्यांनंतरचा अनुभव

सप्टेंबरात ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या दुकानातून एम१ गरँड ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी रायफल घेतली. तेव्हापासून साधारण सहाशे फैरी झाल्या, आणि तेवढ्या काळात ग्रीसबद्दलचं माझं मत दोनदा बदललं.

पहिले दोन महिने नुसतं तेल वापरलं. बंदुकीला तेलच लागतं असं मी धरून चाललो होतो. पण गरँड कपाटात दस्त्यावर उभी असते, त्यामुळे तेल ओघळून मागे येतं आणि अक्रोडाच्या लाकडात मुरतं. ऑक्टोबरअखेरीस रायफल उघडली तर दस्त्याच्या मानेशी काळपट डाग पडला होता, आणि ऑपरेटिंग रॉड (गोळी सुटल्यावर मागे-पुढे सरकणारा दांडा) ज्या खाचेतून सरकतो ती पार कोरडी. खाचेच्या कडेला पांढरी चकचकीत रेघ उमटलेली. लोखंडावर लोखंड घासल्याची ती खूण बघून फार वाईट वाटलं. सत्तरेक वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातात झिजू नये.

गरँडला ग्रीस लागतं, हे अमेरिकी लष्कराला दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच कळून चुकलं होतं. पावसात तेल धुऊन जाई आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग, अडकून बसे. म्हणून सैनिकाला दस्त्याच्या पोकळीत ठेवायला ग्रीसची छोटी डबी मिळू लागली.

नोव्हेंबरात मी ऑटो पार्ट्सच्या दुकानातून चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस आणलं आणि सढळ हाताने भरलं. पहिल्याच आठ काडतुसांत त्याचे शिंतोडे चष्म्यावर आणि मागच्या साइटवर उडाले. जानेवारीत उणे दहा अंशांत तर ते इतकं जड झालं की बोल्ट पूर्ण मिटायच्या आधीच थांबायचा. उन्हाळ्यात कदाचित ते चाललंही असतं, पण इथल्या थंडीत नाही.

त्यानंतर ल्युब्रिप्लेट १३०-ए नावाचं ग्रीस घेतलं. हे फिकट रंगाचं आहे, आणि मला तोच मोठा फायदा वाटतो, कारण मळलं की लगेच दिसतं. पण खरा फरक पडला तो लावण्याच्या पद्धतीने. सांगलीला बाबांची पिठाची गिरणी होती. बेअरिंगला ग्रीस लावताना ते म्हणायचे, पोळीला तूप लावतोस तेवढंच, वर गोळा दिसता कामा नये. इथेही अगदी तेच लागू पडतं.

आधी क्लिप (आठ काडतुसं धरणारा पत्र्याचा चाप) बाहेर काढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो कप्पा, रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करतो. चेंबरमध्ये बोट घालताना उजव्या तळव्याच्या कडेने ऑपरेटिंग रॉड मागे दाबून धरतो, नाहीतर बोल्ट अंगठ्यावर येतो. मग सगळं सोडवून जुनं ग्रीस कापडाने पूर्ण पुसतो. जुन्यावर नवं चढवलं तर आतली कचकच तशीच राहते. बोल्टचे दोन्ही लग (बाजूला आलेले खुंट), उजवा लग ऑपरेटिंग रॉडच्या ज्या खोबणीत बसतो ती खोबणी, रॉडची खाच, बोल्टच्या मागच्या टोकाची खालची बाजू आणि हॅमरचा (घोड्याचा) माथा, एवढ्या जागी बारीक ब्रशने लावतो. रॉड बॅरलला खालून टेकतो तिथेही एक बोट. खोबणीवर मी जास्त वेळ घालवतो, कारण बोल्ट फिरवायचा सगळा जोर तिथेच येतो.

गॅस सिलिंडर आणि पिस्टन, म्हणजे फैरीच्या वायूने रॉड मागे ढकलणारे भाग, कोरडेच ठेवावेत. तिथे ग्रीस जळून काजळी धरतं. चेंबरही कोरडं हवं.

साधारण ऐंशी-नव्वद फैरींनंतर मी पुसून बघतो. ग्रीस करडं झालेलं चालतं, पण बोटांमध्ये चोळून उजेडात धरलं की चमचमणारे कण दिसता कामा नयेत. दिसले तर आधी ती घासणारी जागा शोधायची, मगच पुढची क्लिप भरायची. जानेवारीपासून मला एकदाही तसे कण दिसलेले नाहीत. खाचेतली ती पांढरी रेघ आहे तेवढीच आहे, वाढलेली नाही.