ओस्त्रावा: टॉवर झाला, आता मिखाल खाणीकडे वळा

प्रागहून येणारे बहुतेक जण चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावात डोल्नी व्हीत्कोवित्सेचा जुना लोखंडाचा कारखाना बघतात, टॉवरवर कॉफी पितात आणि संध्याकाळची परतीची गाडी धरतात. तेवढ्यावर भागवू नका, एक रात्र राहाच.

कारखाना चुकवू नये हे खरंच. कोळशाची खाण, कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्या आणि लोखंड गाळायच्या झोतभट्ट्या एकाच आवारात. इथला लोखंडाचा उद्योग १८२८ चा, भट्ट्या थंड झाल्या १९९८ मध्ये. १ नंबरच्या भट्टीवर माल चढवायच्या तिरक्या मार्गानेच आता लिफ्ट माणसं नेते. माथ्यावरचा बोल्ट टॉवर जमिनीपासून जवळजवळ ८० मीटर उंच आहे. वर गाइडसोबतच सोडतात. टाचांच्या चपला नकोत, लोखंडी जाळीत अडकतात.

खरा ऐवज मात्र मिखालकोवित्से भागातल्या मिखाल या कोळसा खाणीत. १९९३ मध्ये काम थांबलं, पण पाळी नुकतीच सुटली असावी असं वाटतं. कपडे बदलायची खोली नीट बघा. तिथे कपाटं नाहीत. प्रत्येकाची एक साखळी, टोकाला आकडा. कपडे अडकवायचे, साखळी ओढून छताशी चढवायचे आणि खाली कुलूप लावायचं. गरम हवा वर जाते, त्यामुळे ओले कपडे पुढच्या पाळीपर्यंत वाळतात आणि खालची जागाही अडत नाही. पुढे हवा दाबणारे कॉम्प्रेसर आणि खाणीत वर-खाली करणारा पिंजरा ओढायची यंत्रं आहेत. इथे जमिनीखाली उतरवत नाहीत, त्यामुळे मुलं हिरमुसतात. त्यांना लांडेक पार्क या खाण संग्रहालयात न्या: खाणकामगारांच्या पिंजऱ्यातून उतरायचं आणि बोगद्यात हिंडायचं. पिंजरा शेकडो मीटर खोल जात नाही, थरथराटच जास्त. जॅकेट मात्र हवंच.

नदीपलीकडचा स्लेझ्का ओस्त्रावाचा किल्ला खालचा कोळसा काढल्यामुळे सुमारे १६ मीटर खचला. आत फारसं काही नाही, पण एवढं माहीत असलं की बाहेरून बघण्यात मजा आहे.

रेल्वेचं तिकीट काढताना स्टेशन तपासा. स्विनोव्ह आणि मुख्य स्थानक ही वेगळी स्टेशनं, दोन्ही गावाच्या मध्यापासून दूर. ट्राममध्ये कार्ड टेकवलं की तिकीट झालं. चलन कोरुना, युरोच्या भरवशावर राहू नका. सोमवारी संग्रहालयं बहुधा बंद असतात. तो दिवस एमा टेकडीला द्या. खाणीतल्या टाकाऊ दगडांचा हा ढीग आतून अजून धुमसतो. वाट सोडू नका. कुठे कुठे वाफा निघतात आणि हिवाळ्यातही तिथे बर्फ टिकत नाही.