डिस्कोर्स स्वतःच्या सर्व्हरवर: वर्षभर चालवल्यानंतर

आमचा मंच जुने रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांचा. पगार कोणालाच नाही, जाहिराती नाहीत, सर्व्हरचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघतो. आधी सगळं पीएचपीबीबी या मंच चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर होतं, डिस्कोर्स या त्याच कामाच्या नव्या सॉफ्टवेअरवर येऊन आता वर्ष होत आलं. माझं मत आधीच सांगून टाकतो: मॉडरेटरांचा, म्हणजे मंचावर शिस्त राखणाऱ्यांचा, ताप निम्म्याहून कमी झाला, पण त्यातला बराचसा सर्व्हर बघणाऱ्या एका माणसाच्या गळ्यात येऊन पडला. तो माणूस मी. त्यामुळे खालचं सगळं त्या बाजूने लिहिलेलं आहे.

डिस्कोर्स 2013 पासून आहे, मुक्त स्रोत आहे आणि डाउनलोड करून कोणीही चालवू शकतं. पण पीएचपीबीबीसारखं साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) फायली चढवून ते चालत नाही. आत रुबी ऑन रेल्स ही चौकट, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रेडिस हा तात्पुरता साठा आहे, आणि अधिकृत मार्ग एकच: डॉकर, म्हणजे हे सगळं एका बंद डब्यात घालून चालवणं. 1 जीबी रॅमवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) देऊन उभं राहतं खरं, पण 2 जीबीच्या खाली जाऊ नका असंच मी सांगेन. इन्स्टॉल करायला फार वेळ लागत नाही. घोडं अडतं ते नंतर.

आधी कौतुक. इथे सभासदांना विश्वासाच्या पातळ्या असतात, आणि नवीन सभासदाला शून्य पातळीवर ठेवतात. एका पोस्टमध्ये दोनच लिंक, एकच चित्र, कोणाला खासगी संदेश नाही, आणि पहिल्या दिवशी किती विषय उघडायचे यावरही मर्यादा. पाच विषय उघडले, तीस पोस्ट वाचल्या, एकूण दहा मिनिटं वाचनात घालवली की पहिली पातळी आपोआप मिळते. म्हणजे बढती बोलण्यावर नाही, वाचण्यावर. आमच्याकडे काही माणसं वर्षानुवर्षं गुपचूप वाचतात आणि कधीतरी एखाद्या सर्किटवर नेमकी दोन ओळींची सूचना देतात. जुन्या व्यवस्थेत पोस्टची संख्या हाच मान होता, त्यामुळे ही मंडळी कायम 'नवशिकी' दिसायची. आता ती वरच्या पातळीवर आहेत आणि विषयांची नावं सुधारण्याचं, चुकीच्या विभागातला धागा हलवण्याचं काम कोणी न सांगता करतात.

स्पॅमच्या बाबतीत फरक डोळ्यांनी दिसतो. पूर्वीचा एक ठरलेला डाव होता. नवीन खातं यायचं, 'कपॅसिटर बदलताना व्होल्टेज रेटिंग नीट पाहावं, छान माहिती' असं काहीतरी सभ्य लिहायचं आणि गप्प बसायचं. काही महिन्यांनी धागा विस्मृतीत गेला की तीच पोस्ट संपादित करून त्यात जुगाराच्या साइटची लिंक घुसवायची. कोणाच्या लक्षातही यायचं नाही. डिस्कोर्समध्ये खालच्या दोन पातळ्यांना स्वतःची पोस्ट बदलायला मुळात 24 तासच मिळतात. त्या वेळात कोणी बदललीच, तर पोस्टच्या कोपऱ्यात पेन्सिल दिसते आणि तिच्यावर टिचकी मारली की आधीचा व नंतरचा मजकूर शेजारी शेजारी उघडतो. गेल्या काही महिन्यांत असाच एक जण सापडला. तिसऱ्या पातळीवरच्या एका सभासदाने स्पॅम म्हणून झेंडा लावला, म्हणजे तक्रारीची खूण केली, आणि पोस्ट त्याच क्षणी लपली. मॉडरेटर उठून बघेपर्यंत विषय संपलेला होता.

एक कुरकुर मात्र आहे. तिसऱ्या पातळीसाठी मुळात जो निकष ठरवून दिलेला आहे, त्यात गेल्या 100 दिवसांपैकी निम्मे दिवस हजेरी लागते, आणि ती घटली की पातळी जाते. मोठ्या, रोज गजबजलेल्या मंचाला हे शोभतं. आमची माणसं सुट्टीच्या दिवशी सोल्डरिंग आयर्न हातात घेणारी, ती कुठून पन्नास दिवस येणार? हा आकडा सेटिंग्जमध्ये बदलता येतो. लहान मंच असेल तर तो पहिल्याच आठवड्यात खाली आणा, नाहीतर झेंड्याला वजन असलेली माणसंच तयार होत नाहीत. आणि हो, वीस अक्षरांखालची पोस्ट स्वीकारत नाही, त्यामुळे नुसतं 'आभारी आहे' लिहिणाऱ्यांची चिडचिड होते. आठवडाभर होते, मग लोक बदामाचं बटण दाबायला शिकतात. मला तर ही शांतता आवडली.

आता ईमेल. डिस्कोर्स चालवणं म्हणजे अर्धं ईमेल चालवणं, हे आधी कोणी ठासून सांगत नाही. खातं सुरू करायचं तर ईमेल, पासवर्ड विसरला तर ईमेल, उत्तर आलं तर ईमेल. बऱ्याच क्लाउड कंपन्या पोर्ट 25, म्हणजे सर्व्हरवरून थेट पत्र पाठवायची वाट, बंदच ठेवतात, म्हणून वेगळी ईमेल सेवा घ्यावी लागते. डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसीच्या नोंदी (पत्र खरंच आपल्याकडूनच गेलं हे पटवणाऱ्या) नीट नसतील तर पत्रं स्पॅममध्ये जातात. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केल्यापासून तर यात फारशी सूट उरलेली नाही. जुन्या मंचावरून येताना पासवर्डही सहसा तसेच येत नाहीत, त्यासाठी वेगळं प्लगइन (वरून जोडायचा सॉफ्टवेअरचा तुकडा) लागतं. ते नसेल तर प्रत्येक जुना सभासद 'पासवर्ड विसरलो' याच दारातून आत येणार, म्हणजे पुन्हा ईमेलच.

मध्यंतरी आमच्या ईमेल सेवेने काही न कळवता आमचं खातं 'तपासणीसाठी' थांबवलं. गंमत अशी की मंचावर सगळं आलबेल दिसत होतं. जे आधीच लॉगिन होते ते नेहमीसारखे लिहीत-वाचत होते. ज्यांना आत येताच येत नव्हतं त्यांची तक्रार मंचावर उमटणार कशी? नोंदणीचा आलेख एकदम सपाट दिसला म्हणून कळलं. तेव्हापासून लॉगिनच्या पानावर मंचाशी संबंध नसलेला एक संपर्काचा पत्ता ठेवला आहे आणि दर आठवड्याला एक चाचणी पत्र जातं. पोचलं नाही की दोघांच्या फोनवर सूचना येते.

दुसरी डोकेदुखी जागेची. बाहेरच्या साइटवरचं चित्र कोणी पोस्टमध्ये लावलं की डिस्कोर्स त्याची प्रत स्वतःकडे उतरवून ठेवतं. आमच्यासाठी हे वरदान आहे, कारण जुन्या मंचावरचे निम्मे सर्किट डायग्राम फोटो ठेवणाऱ्या साइट बंद पडल्यावर गेले ते गेलेच. पण त्याच कारणाने डिस्क भरते, शिवाय प्रत्येक चित्राच्या लहान आवृत्त्या, बॅकअप आणि डॉकरच्या जुन्या इमेज (चित्रं नव्हेत, सॉफ्टवेअरचे तयार साचे) असतातच. एरवी हे जाणवत नाही. अपडेटच्या रात्री जाणवतं. किरकोळ अपडेट ब्राउझरमधून होतात, पण अधूनमधून सर्व्हरवर जाऊन 'लाँचर रीबिल्ड ॲप' ही सगळं नव्याने बांधणारी आज्ञा द्यावीच लागते. तेवढा वेळ मंच बंद. काळ्या पडद्यावर ओळी धावत राहतात आणि आपण त्यातली एखादी लाल तर नाही ना, हे बघत बसतो. 2025 मध्ये डेटाबेस पोस्टग्रेस 13 वरून 15 वर गेला, तेव्हा जुना आणि नवा दोन्ही एकदम मावतील इतकी मोकळी जागा लागली, आणि रीबिल्ड दोनदा द्यावं लागलं. त्याच वर्षी बरीच अधिकृत प्लगइन मूळ सॉफ्टवेअरमध्ये सामावली गेली. ती नावं जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये तशीच राहिली तर रीबिल्ड अडतं. संदेश वाचला की उपाय लगेच कळतो, पण तो वाचायला मध्यरात्री कोणीतरी जागं लागतं.

बॅकअप आपोआप होतो, मात्र मुळात तो त्याच सर्व्हरवर पडून राहतो. तो बाहेर दुसरीकडे पाठवा. कॉन्फिगरेशनची फाइल त्यात येत नाही, ती वेगळी जपा. आणि रिकाम्या सर्व्हरवर एकदा तरी परत उभा करून बघा. आम्ही बघितला. बॅकअप उतरवला की सामान्य सभासदांना जाणारी पत्रं आपोआप बंद होतात, ही कोणीतरी फार विचार करून ठेवलेली सोय आहे. नाहीतर सरावाच्या सर्व्हरवरून सगळ्यांना दुबार पत्रं गेली असती.

वर्षभरातला सगळ्यात नवा त्रास म्हणजे एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट. रोबोट्सच्या फाइलला (बॉटनी काय उघडू नये हे सांगणाऱ्या) भीक न घालता ते दहा वर्षांपूर्वीचे धागे एकामागून एक उघडतात. ताज्या पानांची तयार प्रत असते, जुन्यांसाठी दरवेळी डेटाबेस हलवावा लागतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सर्वांत खर्चिक ट्रॅफिकपैकी 65 टक्के बॉटचं आहे. त्यांची ही गत, तर आमच्या दोन जीबीची काय कथा. डिस्कोर्समध्ये क्रॉलरला, म्हणजे अशा पानं उघडत फिरणाऱ्या बॉटला, नावाने रोखता येतं किंवा त्याची गती कमी करता येते. खरं नाव सांगणाऱ्यांवर ते चालतं. ब्राउझर असल्याचं सोंग घेणाऱ्यांसाठी पुढे दुसरं संरक्षण उभं करावं लागलं, आणि ते सांभाळणंही पुन्हा माझ्याकडेच आलं.

सॉफ्टवेअरने मॉडरेशन शंभर जणांत वाटलं, किल्ल्या मात्र एकाच्याच खिशात राहिल्या. सर्व्हर, डोमेन, ईमेल सेवा, बॅकअपची जागा, आणि या सगळ्यांच्या दुहेरी पडताळणीचा एकच फोन. साइटचा दुवा सुरक्षित (https) ठेवणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र 90 दिवसांचं असतं. त्याचं नूतनीकरण आपोआप होतं, पण मुदत संपत आल्याची पत्रं त्यांनी जून 2025 पासून बंद केली, म्हणजे ते कुठे अडलं तर तेही आपणच बघायचं. यावर एक सभासद, व्यवसायाने शिक्षिका, सर्व्हरचं काही न येणाऱ्या, स्वतःहून पुढे आल्या. त्यांच्यासाठी मी पायऱ्या लिहून काढल्या. मागचं रीबिल्ड त्यांनी एकट्यांनी केलं, मी फक्त फोनवर होतो, आणि माझ्या टिपणातल्या दोन गाळलेल्या पायऱ्या त्यांनीच भरल्या.

तुमच्याकडे असा दुसरा माणूस असेल तर डिस्कोर्स बिनधास्त घ्या. नसेल तर वर्गणी थोडी वाढवून कोणाकडून तरी होस्ट करून घ्या. बॅकअप उतरवून पुढे कधीही स्वतःच्या सर्व्हरवर येता येतं, फक्त तिथली आवृत्ती तेवढीच किंवा नवी हवी. आमचं डोमेन अजून एका संस्थापक सभासदाच्या वैयक्तिक नावावर आहे आणि ते गृहस्थ पत्रांना महिन्याने उत्तर देतात. मुदत संपून डोमेन हटवलं गेलं तर परत मिळवायला बहुतेक डोमेनना 30 दिवस मिळतात, तेही जास्तीचे पैसे मोजून. पुढच्या नूतनीकरणाआधी ते हस्तांतर उरकायचं आहे, कागद तयार आहेत, त्यांच्या सहीची वाट बघतोय.