एक्सपेडाइटचे एकशेवीस रुपये

मी देवगडचा. हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता वाडवडिलांची चाळीस कलमं बघतो. लेक पुण्यात असते. दर एप्रिलला तिला पाच डझन आंब्यांची पेटी जाते. यंदा ती एका कुरिअरने पाठवली. नाव लिहीत नाही, कारण काउंटरवरचा पोरगा माझाच विद्यार्थी आहे आणि त्याचा यात काही दोष नाही.

पावतीवर वजनाचे पैसे वेगळे आणि खाली ‘एक्सपेडाइट चार्ज १२०’. हे काय रे, म्हटलं. "सर, उद्या दुपारी पुण्याक पोचतली. फास्टचो चार्ज."

झालं. असा शब्द दिसला की मला राहवत नाही. लॅटिनमध्ये ‘पेस’ म्हणजे पाय, ‘पेदिस’ म्हणजे पायाचा. आपला ‘पाद’ त्याचाच चुलतभाऊ. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. बेडीत, फासात अडकलेला पाय बाहेर काढणं म्हणजे ‘एक्सपेदिरे’. त्याच्या उलट ‘इम्पेदिरे’, पाय अडकवणं. इंग्रजीतलं ‘इम्पीड’ तिथून आलं. रोमन फौज आपल्या सामानसुमानाला ‘इम्पेदिमेंता’ म्हणायची आणि ते ओझं मागे टाकून सडा निघालेला शिपाई तो ‘एक्सपेदितुस’. म्हणजे मुळात या शब्दात घाई नाहीच, सुटका आहे. आपण पायगुंता म्हणतो ना, तो सोडवायचे हे एकशेवीस रुपये! पोराने मान डोलावली. मागे चार जण पेट्या घेऊन उभे होते, त्यांनी नाही डोलावली.

पॅकिंगला मात्र पैकीच्या पैकी. फळ चौदा आणे तयार, घळाने, म्हणजे काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीने, उतरवलेलं, देठासकट. पोराने माझी पेटी उघडून पाहिली, एका कोपऱ्यात पेंढा कमी होता तिथे स्वतः घातला, खोक्याची भोकं पट्टीखाली जाणार नाहीत अशी पट्टी मारली. आंब्याला वारा लागतो हे त्याला सांगावं लागलं नाही. देवगडचाच तो.

सोमवारी संध्याकाळी गाडी निघाली. नांदगाव तिठ्यावरून फोंडाघाट चढून पहाटे दोनला कोल्हापूर, इथवर मोबाइलवर सगळं दिसलं. पुढे मंगळवार गेला, बुधवार गेला, मोबाइलवर तीच ओळ: ‘कोल्हापूर हब, माल प्राप्त’. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि पेटी बंद गोदामात. हेल्पलाइनला फोन लावला तर बाई म्हणाल्या, "सर, तुमची तक्रार एक्सपेडाइट केली आहे." हे एक्सपेडाइट निदान फुकट होतं.

गुरुवारी संध्याकाळी सातला पेटी लेकीच्या दारात. तिने फोटो पाठवले. तळाचे नऊ आंबे देठाकडे काळे पडलेले, बाकीचे आढीत न घालताच पिवळे. पुढे दोन फळांत साका निघाला, म्हणजे आतला गर पांढरट, न पिकलेला. तो मी कुरिअरच्या माथी मारणार नाही, साका बाहेरून कोणालाच दिसत नाही, मलाही दिसला नाही.

शुक्रवारी काउंटरवर गेलो. उशीर का झाला तर पुण्याची गाडी पूर्ण भरेपर्यंत सोडत नाहीत. म्हणजे सोडवायचे पैसे घेऊन बांधून ठेवली. पोरगा ओशाळला, मग हळूच म्हणाला, "सर, पेटयेचो पाय कोल्हापुरात अडाकलो." एवढ्या वर्षांत शिकवलेलं कोणी इतक्या लवकर वापरलं नव्हतं. पैसे परत हवे तर मेल करा म्हणाले. केला आहे.

पाचात दोन तारे देतो, दोन्ही त्या पोराच्या पॅकिंगचे. कपडे, पुस्तकं, काजूगर पाठवायचे तर खुशाल पाठवा, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. आंब्याला नको, आणि पाठवलाच तर ते एकशेवीस भरू नका. साध्या दरातली शेजाऱ्यांची पेटीही त्याच गाडीतून गुरुवारीच पोचली.

दुसरी पेटी शनिवारी रातराणी बसच्या डिकीत टाकली. ड्रायव्हरला तीनशे रुपये आणि सहा आंबे, लेकीला त्याचा नंबर. पहाटे पाचला लेक कात्रजला जाऊन उभी राहिली, साडेपाचला पेटी हातात. पावती नाही.